जपानमध्ये स्थानिक खाणे-पिणे चाखताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानच्या सहलीची तयारी करणाऱ्या मराठी माणसाला मंदिरे, रेल्वेगाड्या आणि हवामान यांची माहिती सहज मिळते. जेवणाविषयी मात्र त्याच्या कानावर दोन टोकांचीच मते पडतात. तिथे खाण्यासारखे काहीच नाही असे एक जण सांगतो, आणि तिथे डोळे मिटून काहीही खावे असे दुसरा. या दोन्ही मतांनी प्रवाशाचे नुकसानच होते. जपानी स्वयंपाकात पदार्थाच्या तळाशी काय दडलेले असते, हे ज्याने आधी समजून घेतले, तो प्रवासी शाकाहारी असो वा मांसाहारी, इतरांपेक्षा अधिक आणि निर्धास्तपणे चाखू शकतो, या विश्वासाने पुढील उत्तरे लिहिली आहेत.

काय काय चाखावे, याची यादी कशी ठरवावी?

पदार्थांची नावे गोळा करण्याआधी आपण कोणत्या गावात आणि कोणत्या महिन्यात असणार आहोत, हे कागदावर लिहून काढावे. यादी त्यातूनच तयार होते. जपानमध्ये एकाच नावाचा पदार्थ गावागणिक बदलतो. होक्काइदोतल्या साप्पोरो शहरात रामेनचा, म्हणजे रस्सेदार नूडल्सचा, रस्सा मिसोचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टचा, असतो, तर क्यूशूतल्या फुकुओकात तो डुकराची हाडे तासन्‌तास उकळून केलेला, पांढरट आणि दाट असतो. शिकोकू बेटावरचा कागावा प्रांत गव्हाच्या जाड, चिवट उदोन नूडल्ससाठी ओळखला जातो, आणि डोंगराळ नागानोत कुट्टूच्या पिठाच्या सोबा नूडल्स खाव्यात. ओसाकात ओकोनोमियाकी या जाड धिरड्यासारख्या पदार्थाचे साहित्य पिठात कालवून तव्यावर टाकतात. हिरोशिमात पीठ, कोबी, नूडल्स आणि अंडे यांचे थर एकावर एक रचतात, आणि दोन्ही शहरांतले लोक आपापल्या पद्धतीविषयी फार आग्रही असतात. ओकिनावात गोया चाम्पुरू ही तोफू आणि अंडे घालून परतलेली कारल्याची भाजी घरोघरी होते. तीत बहुधा डुकराचे मांसही असते, हे ध्यानात ठेवावे.

महिन्यालाही तेवढेच महत्त्व आहे. वसंतात बांबूचे कोवळे कोंब, उन्हाळ्यात नदीतला आयू मासा, शरदात सान्मा मासा आणि चेस्टनट, हिवाळ्यात कालवे आणि खेकडे, असा क्रम दुकानांच्या फळ्यांवर आणि मिठाईच्या रंगरूपातही दिसतो. युनेस्कोने 2013 साली वाशोकू, म्हणजे पारंपरिक जपानी आहारपद्धती, अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंदवली, तेव्हा ऋतूंशी असलेल्या याच नात्याची दखल घेतली गेली. टोकियोत सर्व काही मिळते, हे खरे आहे. तरीही फुकुओकाचे रामेन टोकियोत शोधत बसण्यापेक्षा टोकियोत निगिरी सुशी, म्हणजे भाताच्या छोट्या घासावर मासा ठेवून केलेली सुशी, खावी, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण ती एकोणिसाव्या शतकातल्या एदोच्या, म्हणजे जुन्या टोकियोच्या, रस्त्यांवरच्या ठेल्यांतच वाढली.

मी शाकाहारी आहे. तिथे माझी उपासमार होईल का?

उपासमार होणार नाही, पण केवळ "मी शाकाहारी आहे" एवढे सांगून भागणार नाही. जपानमध्ये मांस खाण्यावर दीर्घकाळ धार्मिक बंधने होती. सम्राट तेन्मू यांनी इ. स. 675 मध्ये गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस वर्षातील काही महिने निषिद्ध ठरवले होते, आणि 1872 साली सम्राट मेइजी यांनी गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाल्यानंतरच मांसाहाराला उघड प्रतिष्ठा मिळाली. मासे मात्र या सर्व काळात समाजाच्या ताटात होतेच. त्यामुळे आजही अनेक जपानी माणसांच्या मनात "मांस नको" म्हणजे गाय, डुक्कर आणि कोंबडी नको, एवढाच अर्थ उमटतो. मासा त्यात येत नाही.

खरा प्रश्न दाशीचा आहे. दाशी म्हणजे स्वयंपाकाचा पायाभूत अर्क. तो बहुधा कोम्बू हे समुद्रशेवाळ आणि कात्सुओबुशी यांपासून करतात. कात्सुओ हा आपल्या कोकणातल्या कुप्याच्या जातकुळीतला मासा. तो उकडून, धुरावर सुकवून लाकडासारखा टणक झाला की त्याचे पातळ कीस काढतात. मिसोचे सूप, उदोन आणि सोबा यांचा रस्सा, शिजवलेल्या भाज्या, अंड्याची गुंडाळी, तोफूवरचे सॉस, इतकेच काय टेम्पुरा, म्हणजे पिठात बुडवून तळलेल्या पदार्थांसोबतची वाटी, या सर्वांत हा अर्क असतो. ताटात मासा दिसत नाही म्हणून तो पदार्थ शाकाहारी ठरत नाही.

म्हणून "निकु तो साकाना ओ ताबेमासेन", म्हणजे मी मांस आणि मासे खात नाही, या वाक्यापाठोपाठ "दाशि नि साकाना गा हाइत्ते इमासु का", म्हणजे अर्कात मासा आहे का, हे दुसरे वाक्य विचारावे. याहून चांगला उपाय म्हणजे मांस, मासे, माशांचा अर्क, अंडी यांपैकी काय चालते आणि काय चालत नाही, हे जपानी लिपीत छापलेले छोटे कार्ड जवळ ठेवावे आणि ऑर्डर देण्याआधी नम्रपणे दाखवावे. स्वयंपाकी ते लक्षपूर्वक वाचतात, आणि देता येण्यासारखे काही नसेल तर क्षमा मागून तसे सांगतात. तो नकार अपमान समजू नये. चुकीचे वाढण्यापेक्षा न वाढणे त्यांना अधिक योग्य वाटते.

मग खात्रीने शाकाहारी जेवण कुठे मिळते?

बौद्ध मठांमध्ये, आणि माझ्या मते शाकाहारी भारतीयाने जपानमध्ये सर्वांत आधी तेच जेवण चाखायला हवे. शोजिन र्योरी असे त्याचे नाव. त्यात मांस-मासे तर नसतातच, शिवाय कांदा, लसूण यांसारख्या उग्र वासाच्या वनस्पतीही वर्ज्य असतात, त्यामुळे चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्या घरातल्या माणसाला हा नियम समजावून सांगावा लागत नाही. अर्क कोम्बूचा किंवा सुकवलेल्या शिताके अळंबीचा असतो. टोकियो विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी 1908 साली ज्या कोम्बूच्या पाण्यातून ग्लुटामेट वेगळे काढले आणि त्या चवीला उमामी असे नाव दिले, तीच चव या जेवणात माशाच्या आधाराशिवाय, स्वच्छ रूपात कळते.

वाकायामा प्रांतातले कोयासान हे त्यासाठी सर्वांत योग्य ठिकाण आहे. भिक्षू कूकाई यांनी नवव्या शतकाच्या आरंभी स्थापलेल्या या डोंगरावरील अनेक मठांत यात्रेकरूंना मुक्काम करता येतो, आणि रात्रीचे व सकाळचे जेवण तिथेच वाढले जाते. तीळ वाटून, कुडझूच्या कंदाचे सत्त्व घालून घोटलेले गोमा-दोफू आणि थंडीत गोठवून सुकवलेले कोया-दोफू हे तिथले खास पदार्थ होत. जेवण संध्याकाळी लवकर, साधारण सहाच्या सुमारास असते आणि नोंदणी आगाऊ करावी लागते; उशिरा पोहोचणाऱ्याची सोय होईलच असे नाही. क्योतोत आराशियामाच्या तेन्र्यू-जी मंदिराच्या आवारात दुपारचे शोजिन जेवण मिळते. झेन गुरू दोगेन यांनी 1237 साली मठाच्या स्वयंपाक्यासाठी लिहिलेल्या सूचनांत भाजीचे एक पानही कमी लेखू नये, असा भाव आहे, आणि ताटातल्या लहान लहान वाट्या पाहताना तो आजही जाणवतो.

जैन वाचकांनी मात्र कंदमुळे चालत नाहीत, हे आवर्जून सांगावे. कांदा-लसूण नसला तरी मुळा, गाजर, कमळकाकडी, गोबो, रताळे, बटाटा ही कंदमुळे या जेवणात मुबलक असतात. शिवाय मठाबाहेरच्या काही उपाहारगृहांत शोजिन हे नाव सैलपणे वापरले जाते, त्यामुळे तिथेही दाशीचा प्रश्न विचारावाच. क्योतोत नान्झेन-जी मंदिराच्या परिसरातले युदोफू, म्हणजे कोम्बूच्या पाण्यात गरम केलेले मऊ तोफू, भांड्यात शाकाहारी असते. सोबत येणाऱ्या सॉसमध्ये मात्र मासा असू शकतो.

फिरतीवर असताना, दुकानांतून काय घ्यावे?

चोवीस तास उघडी असणारी कोन्बिनी दुकाने प्रवाशाचा मोठाच आधार आहेत. तिथल्या ओनिगिरी, म्हणजे समुद्रशेवाळात गुंडाळलेल्या भाताच्या त्रिकोणी गोळ्यांमध्ये, नुसत्या मिठाचा किंवा उमेबोशी, म्हणजे खारवलेले आंबट फळ, घातलेला प्रकार शाकाहाऱ्यांना त्यातल्या त्यात सोयीचा असतो. कोम्बू घातलेली ओनिगिरी नावावरून निर्धोक वाटते, पण तिच्या मसाल्यात अनेकदा कात्सुओचा अर्क असतो, म्हणून फोनच्या भाषांतर सुविधेने वेष्टणावरील घटक वाचून घ्यावेत. पावांत लार्ड, म्हणजे डुकराची चरबी, आणि मिठायांत प्राणिजन्य जिलेटिन असू शकते, तेही त्याच यादीत दिसते.

हिवाळ्यात सुपरमार्केटच्या दाराशी मिळणारे याकी-इमो, म्हणजे भाजलेले गोड रताळे, कोणत्याही शंकेविना खावे. लाल चवळीसारख्या आझुकी दाण्यांच्या गोड सारणाच्या मिठाया बहुधा दूध-तुपाविना केलेल्या असतात, तर क्योतोची यात्सुहाशी दालचिनीच्या वासाची असते. नागानोत ओयाकी मिळते: गव्हाच्या किंवा कुट्टूच्या पिठाच्या पारीत भोपळा, वांगे किंवा नोझावाना ही पालेभाजी भरून भाजलेली. मोची, म्हणजे चिकट तांदूळ कुटून केलेला चिवट गोळा, मात्र लहान घास घेऊन, नीट चावून खावी. ती घशात अडकून दरवर्षी नववर्षाच्या सुमारास वृद्धांचे अपघात होतात, तेव्हा आजी-आजोबा आणि लहान मुले यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे.

मासे खातो, पण कच्चे कधी खाल्ले नाहीत. सुरुवात कशी करावी?

सुशी म्हणजे कच्चा मासा, हा समज आधी दूर करावा. व्हिनेगर घातलेला भात हा सुशीचा गाभा आहे. त्यावर उकडलेली कोळंबी, शिजवलेली आनागो वाम किंवा गोडसर अंड्याची गुंडाळी असलेले प्रकारही तितकेच अस्सल आहेत. पहिल्या दिवशी हे खावेत, मग ट्यूनाच्या कमी चरबीच्या लाल भागाकडे वळावे, आणि बांगड्यासारखे उग्र मासे शेवटी ठेवावेत. सुशी हाताने खाणे पूर्णपणे शिष्टसंमत आहे. घास उलटा करून माशाची बाजू सोया सॉसला हलकेच टेकवावी. भात बुडवला तर तो सुटतो आणि चव खारट होते. आल्याच्या चकत्या दोन वेगळ्या माशांच्या मध्ये तोंड स्वच्छ करण्यासाठी असतात.

गर्दी असलेल्या, माल वेगाने संपणाऱ्या दुकानात कच्चा मासा खाण्याची भीती बाळगू नये. कच्च्या कोंबडीचे तसे नाही. दक्षिण क्यूशूतल्या कागोशिमा आणि मियाझाकी भागांत ती स्थानिक खासियत म्हणून मिळते, परंतु जंतुसंसर्गाचा धोका खरा असल्याने प्रवाशाने ती टाळावी, असा माझा सल्ला आहे. गाईचे कच्चे यकृत वाढण्यास 2012 पासून आणि कच्चे डुकराचे मांस वाढण्यास 2015 पासून जपानमध्ये बंदीच आहे. विषारी फुगू मासा केवळ परवानाधारक स्वयंपाकीच साफ करू शकतात. शिमोनोसेकी हे त्याचे प्रसिद्ध बंदर आहे. गर्भवती स्त्रियांनी कच्चे पदार्थ डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नयेत.

बाजारात आणि रस्त्यावर खाताना कोणते नियम पाळावेत?

सर्वांत महत्त्वाचा नियम म्हणजे चालता चालता खाऊ नये. क्योतोचा निशिकी बाजार सुमारे 400 मीटर लांबीची अरुंद, छप्पर असलेली गल्ली आहे, आणि तिथे हे आवाहन जागोजागी लिहिलेले दिसते. ज्या दुकानातून पदार्थ घेतला, त्याच्यासमोर किंवा आत उभे राहून खावे आणि रिकामी काडी वा कागदी वाटी त्याच दुकानदाराला परत द्यावी, कारण रस्त्यावर कचराकुंड्या फारशा नसतात. दुकानातला माल हाताळू नये आणि छायाचित्र विचारून काढावे. हे बाजार शहरवासीयांच्या रोजच्या खरेदीचे आहेत, आणि पर्यटकांच्या गर्दीने तिथल्या जुन्या गिऱ्हाइकांची गैरसोय होते, याचे भान ठेवणे आपल्याकडून अपेक्षित आहे.

टोकियोतल्या त्सुकिजीविषयी अजूनही गोंधळ होतो. तिथला घाऊक मासळीबाजार ऑक्टोबर 2018 मध्ये तोयोसूला हलला. बाहेरचा किरकोळ बाजार मात्र त्सुकिजीतच आहे, आणि चाखण्यासाठी सकाळी तिथेच जावे. ओसाकात ताकोयाकी खावेत. अप्पेपात्रासारख्याच खोलगट खाचांच्या तव्यावर ओतलेले पीठ सुईसारख्या काडीने फिरवत गोल केले जाते, आणि आत ऑक्टोपसचा तुकडा असतो. बाहेरून निवलेला गोळा आतून पोळणारा असतो, म्हणून आधी फोडून वाफ जाऊ द्यावी. काडीला टोचून तळलेल्या कुशिकात्सूच्या दुकानात सर्वांसाठी एकच सॉसचे भांडे ठेवलेले असल्यास काडी त्यात एकदाच बुडवावी. उष्टी काडी पुन्हा बुडवणे हा तिथला मोठा अपराध मानला जातो, आणि उष्ट्या-खरकट्याचे नियम पाळणाऱ्या घरात वाढलेल्यांना तो लगेच पटेल. फुकुओकातल्या याताई, म्हणजे रात्री लागणाऱ्या फिरत्या टपऱ्या, जेमतेम दहा जणांना सामावतात. तिथे प्रत्येकाने काहीतरी मागवावे आणि खाऊन झाल्यावर जागा मोकळी करावी.

इझाकायात, म्हणजे जपानी मद्यालयात, न मागवलेला पदार्थ आला आणि त्याचे पैसे लागले. ही फसवणूक आहे का?

ही फसवणूक नव्हे. तो ओतोशी असतो: बसल्यावर लगेच येणारी एक छोटी वाटी, जिचे माणशी साधारण 300 ते 500 येन बिलात धरले जातात. आसनशुल्काची ही रूढ पद्धत आहे. शाकाहारी असल्यास बसतानाच सांगावे, म्हणजे काही ठिकाणी वाटी बदलून मिळते.

इझाकाया म्हणजे मद्यासोबत लहान लहान पदार्थ वाटून खाण्याची जागा. आधी पेय मागवतात, सर्वांचे पेले आले की "कान्पाई" म्हणून एकत्र सुरुवात करतात, आणि आपला पेला स्वतः भरण्याऐवजी शेजाऱ्याचा भरतात. शाकाहाऱ्यांसाठी उकडलेले एदामामे, म्हणजे सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा, लोणची आणि थंड तोफू असते. तोफूवर कात्सुओचा कीस पसरलेला असतो, तो नको असल्यास "कात्सुओबुशी नाशि दे ओनेगाइ शिमासु" असे सांगावे.

साके नेमकी काय असते आणि ती कुठे चाखावी?

आपण जिला साके म्हणतो तिला जपानमध्ये निहोन्शु म्हणतात. ती तांदूळ, पाणी आणि कोजी ही उपयुक्त बुरशी यांपासून आंबवून केलेली असते, ऊर्ध्वपातनाने काढलेली नसते, आणि तिच्यात मद्यार्क साधारण 15 ते 16 टक्के असतो. कोजी तांदळातल्या पिष्टाची साखर करते आणि त्याच वेळी, त्याच टाकीत, यीस्ट त्या साखरेचे मद्य करते. ही दोन कामे एकत्र चालवणे हेच कारागिराचे कसब. कोजी वापरून मद्य करण्याच्या या पारंपरिक ज्ञानाला युनेस्कोने डिसेंबर 2024 मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

बाटलीवरचे तीन शब्द ओळखता आले तरी निवड सोपी होते. जुन्माई म्हणजे वरून मद्यार्क न मिसळलेली. गिंजो म्हणजे तांदळाचा बाहेरचा निदान 40 टक्के भाग घासून काढून केलेली, आणि दाइगिंजो म्हणजे निदान 50 टक्के काढून केलेली. दाणा जितका घासला जातो तितकी चव हलकी आणि वास फळांचा होत जातो. महागडी दाइगिंजो सर्वांना आवडतेच असे नाही. आपल्याकडच्या ठसठशीत चवींची सवय असलेल्यांनी जेवणाबरोबर किंचित कोमट केलेली जुन्माई आधी घेऊन पाहावी, असे मला मनापासून वाटते. दोन घोटांमध्ये पाणी पिणे हा तिथलाच शहाणा रिवाज आहे.

कोबेजवळचा नादा विभाग खनिजयुक्त, जड पाण्यासाठी आणि क्योतोचा फुशिमी विभाग मृदू पाण्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि चवीतला फरक त्या पाण्यामुळे पडतो, तेव्हा शक्य असल्यास दोन्हीकडे चाखून तुलना करावी. या भागांतल्या मोठ्या कारखान्यांनी आपल्या जुन्या इमारतींत संग्रहालये उघडली आहेत. दारावर टांगलेला देवदारासारख्या सुगी वृक्षाच्या पानांचा गोळा हिरवा असेल तर नवी साके तयार झाली आहे, असे समजावे. तो महिन्यागणिक तपकिरी होत जातो. निइगाता स्थानकात त्या प्रांतातल्या अनेक कारखान्यांची साके नाणेवजा टोकन टाकून छोट्या पेल्यात चाखता येते. कागोशिमात रताळ्याची शोचू आणि ओकिनावात लांब दाण्याच्या तांदळाची आवामोरी ही ऊर्ध्वपातित मद्ये आहेत. त्यांत मद्यार्क बराच अधिक असल्याने पाणी किंवा बर्फ घालून घ्यावीत.

मद्य घेण्याचे किमान वय 20 वर्षे आहे. प्रौढत्वाचे वय 2022 मध्ये 18 झाले, तरी हा नियम बदललेला नाही. मद्य घेऊन गाडीच काय, सायकलही चालवू नये. कायदा कडक आहे, आणि प्यायलेल्या चालकाच्या गाडीत जाणूनबुजून बसणाऱ्यालाही शिक्षा होऊ शकते.

मी मद्य घेत नाही. मग पिण्याच्या बाबतीत मी काही गमावतो का?

काहीही नाही, चहासाठीच वेगळा दिवस राखून ठेवावा. क्योतोच्या दक्षिणेला असलेल्या उजी गावात माचा, म्हणजे सावलीत वाढवलेल्या पानांची बारीक पूड, गरम पाण्यात बांबूच्या घुसळणीने फेसून देतात. सोबतची मिठाई आधी खावी आणि मग कडसर चहा प्यावा. रोजचा सेन्चा, भाजलेल्या पानांचा होजिचा, भाजलेला तांदूळ मिसळलेला गेन्माइचा हे सारे दूध-साखरेविना पितात, आणि दूध मागू नये. भाजलेल्या जवाच्या मुगिचात कॅफिन नसते, म्हणून तो मुलांनाही देता येतो. रस्त्यावरच्या स्वयंचलित यंत्रांत लाल पट्टीखालची पेये गरम आणि निळ्या पट्टीखालची थंड असतात. सोबा खाऊन झाल्यावर नूडल्स उकळलेले पाणी, सोबायु, वाटीतल्या उरलेल्या सॉसमध्ये ओतून पितात.

मद्याचा अंशही नको असणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. आमाझाके हे गोड, दाट पेय तांदूळ आणि कोजी यांचे असेल तर त्यात मद्य नसते, परंतु साकेच्या चोथ्यापासून केलेल्या प्रकारात थोडे असू शकते. तसेच मिरिन, म्हणजे स्वयंपाकात वापरायचे तांदळाचे गोड मद्य, आणि साके अनेक भाज्यांत व सॉसमध्ये घातलेली असते.

जेवण फिके वाटले तर तिखट कुठून आणावे?

मेजावर शिचिमी, म्हणजे मिरची, तीळ, संत्र्याची साल इत्यादी सात जिन्नसांची पूड, असेल तर ती घ्यावी. घरून नेलेली चटणी उपाहारगृहात पदार्थावर घालू नये. स्वयंपाक्याच्या समोर बसलो असताना ते विशेषच टोचते. पहिले दोन-तीन दिवस धीर धरल्यास जीभ सरावते आणि फिकेपणामागची चव कळू लागते.

करी-राइस सर्वत्र मिळतो, पण तो ब्रिटिशांमार्फत मेइजी काळात आलेला गोडसर, दाट प्रकार आहे आणि त्याच्या मसाल्याच्या वड्यांत बहुधा गाईची किंवा डुकराची चरबी असते. याला एक इतिहासप्रसिद्ध अपवाद आहे: क्रांतिकारक रासबिहारी बोस यांनी आश्रय घेतलेल्या टोकियोतल्या शिंजुकूच्या नाकामुराया या दुकानाने 1927 साली त्यांच्या सांगण्यावरून भारतीय पद्धतीची कोंबडीची करी विकायला सुरुवात केली, आणि ती आजही तिथे मिळते. घरच्या चवीची अगदीच ओढ लागली तर टोकियोच्या एदोगावा विभागातल्या निशी-कासाई भागात भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती, किराणा दुकाने आणि उपाहारगृहे आहेत.

गोव्याशी नाते सांगणारे काही तिथे चाखता येते का?

येते, आणि त्यासाठी नागासाकीला जावे. फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून 1549 मध्ये कागोशिमाला उतरले, आणि 1571 मध्ये नागासाकी बंदर पोर्तुगीज व्यापाराला खुले झाल्यावर गोवा, मलाक्का, मकाऊ असा मार्ग करत जहाजे तिथे येऊ लागली. त्या संपर्कातून आलेला कासुतेरा हा अंडी, साखर आणि पीठ यांचा लोण्याविना केलेला मऊ केक आज नागासाकीची ओळख आहे. टेम्पुराची तळण्याची पद्धत आणि कोन्पेइतो ही काटेरी साखरगोळीही त्याच काळातल्या पोर्तुगीजांची देणगी मानली जाते.

काड्यांनी खाताना कोणत्या चुका टाळाव्यात?

काड्या भातात उभ्या खोचू नयेत आणि एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास देऊ नये, कारण या दोन्ही कृती अनुक्रमे मृताला ठेवलेल्या भाताच्या आणि दहनानंतर अस्थी उचलण्याच्या विधीशी जोडलेल्या आहेत. आपल्याकडे डावा हात जेवणात आणत नाहीत. तिथे भाताची वाटी डाव्या हाताने उचलून तोंडाजवळ धरणे हेच सभ्यपणाचे आहे. नूडल्स आवाज करत ओढणे चालते. जेवणापूर्वी "इतादाकिमास" आणि उठताना "गोचिसोसामा देशिता" एवढे म्हटले तरी वाढणाऱ्याचा चेहरा खुलतो.

खर्चाचा अंदाज कसा बांधावा?

रामेनची वाटी साधारण हजार येनच्या आसपास पडते. चांगल्या उपाहारगृहाचे दुपारचे ताट रात्रीपेक्षा पुष्कळ स्वस्त असते, म्हणून महागडी जागा दुपारीच गाठावी. बक्षिशी देऊ नये. ऑक्टोबर 2019 पासून खाद्यपदार्थ बांधून नेल्यास 8 टक्के आणि तिथेच बसून खाल्ल्यास 10 टक्के उपभोग कर लागतो. अनेक रामेन दुकानांत दारातल्या यंत्रातून तिकीट काढून मग बसायचे असते, तेव्हा थोडी रोकड जवळ ठेवावी. मोठ्या दुकानांच्या तळघरांतल्या खाद्यविभागांत संध्याकाळी उशिरा तयार पदार्थांवर सवलतीच्या चिठ्ठ्या लागतात. तिथे चाखण्यासाठी दिलेला तुकडा एकच घ्यावा.

मला ॲलर्जी आहे. कोणती काळजी घ्यावी?

वेष्टनबंद पदार्थांवर गहू, कुट्टू, शेंगदाणे, अक्रोड, अंडी, दूध, कोळंबी आणि खेकडा यांचा उल्लेख कायद्याने बंधनकारक आहे. उपाहारगृहांना तशी सक्ती नाही. कुट्टूची ॲलर्जी असलेल्यांनी उदोन घेतानाही सावध राहावे, कारण पुष्कळ दुकानांत सोबा आणि उदोन एकाच पाण्यात उकळतात. सोया सॉसमध्ये गहू असतो.

येताना-जाताना कोणते पदार्थ सोबत नेता येतात?

जपानला जाताना मांसाचे पदार्थ आणि ताजी फळे, भाज्या, कढीपत्ता नेऊ नयेत. विमानतळावरच्या क्वारंटाइन तपासणीत ते काढून घेतले जातात. परतताना मिसो आणि सॉस सामानाच्या मोठ्या बॅगेत ठेवावेत, कारण हातातल्या बॅगेत ते द्रवपदार्थांच्या नियमात अडकतात. भारतात माणशी 2 लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येते. साके घ्यायची असल्यास नामाझाके, म्हणजे न तापवलेली साके, टाळावी. ती सतत थंड ठेवावी लागते आणि मुंबईच्या उकाड्यात पोहोचेपर्यंत बिघडते.